अंगावरचे फोड आणि घरातला उशीर

(कोल्हापुरात महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीनं केलेलं भाषण आणि त्यानंतरच्या चर्चेतले काही प्रश्न.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'त्वचेचे आजार' एवढंच छापलंय. त्यामुळं खरूज, नायटा, चेहऱ्यावरचे वांग यांबद्दल ऐकायला मिळेल अशी तुमची अपेक्षा असेल. पण आज मी एकाच जातीच्या आजारांवर बोलणार आहे. अंगावर आणि तोंडात पाण्याचे फोड येतात, फुटतात, कातडी सोलल्यासारखी उघडी पडते, असे हे आजार. त्यातला आपल्याकडं जास्त दिसणारा आणि जास्त घातक आजार म्हणजे पेम्फिगस. मराठीत त्याला लोकांच्या तोंडी बसलेलं नाव नाही. कुणी नागीण म्हणतं, कुणी उष्णता, कुणी बाधा. नागीण हा वेगळाच आजार आहे. तो शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखा येतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पेम्फिगस आपण होऊन ओसरत नाही.

इतक्या दुर्मिळ आजारासाठी शिबिरातला तास कशाला, असं कुणी विचारील. केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात याची मोजदाद झाली होती. तिथं दर दहा लाख माणसांमागं वर्षाला ४.४ नवे रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३९ लाखांच्या जवळ होती. त्याच हिशेबानं आपल्या बारा तालुक्यांत वर्षाला पंधरा-वीस नवे रुग्ण धरता येतील. म्हणजे गावच्या डॉक्टरनं उभ्या आयुष्यात असा रुग्ण एखाददुसराच पाहिलेला असणार. त्याला चटकन ओळखू आलं नाही तर नवल नाही. पण बाई आधी डॉक्टरकडं जातच नाही. आधी ती जावेशी बोलते, शेजारणीशी बोलते, बचत गटाच्या बैठकीत बोलते. तिथं तुम्ही असता. म्हणून हा तास.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या आजारावर आज औषध आहे. तरीही बाया दगावतात, टाकल्या जातात. त्यांच्या कहाण्या ऐकताना मला दोन जागा पुन्हापुन्हा दिसल्या. एक, निदानाला लागलेला उशीर. दोन, बरं वाटल्यावर अर्ध्यात सुटलेलं औषध. या दोन्ही गोष्टी घरात तिची किंमत किती आहे यावर ठरतात. म्हणून मी याला नुसता डॉक्टरांचा विषय मानत नाही.

हा आजार होतो कसा

आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ डोळ्यांसमोर आणा. वर एक थर, खाली एक थर, आणि सगळं धरून ठेवणारे दोऱ्याचे टाके. आपली कातडी साधारण अशीच असते. वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना टाक्यांनी जोडलेल्या असतात, आणि तो अख्खा वरचा थर खालच्या थराला वेगळ्या टाक्यांनी जोडलेला असतो.

बाहेरून जंतू आला की त्याच्याशी लढण्यासाठी शरीर रक्तात काही द्रव्यं तयार करतं. त्यांना अँटिबॉडी म्हणतात. कधी कधी शरीराची ओळखण्यात गल्लत होते आणि ही द्रव्यं आपल्याच टाक्यांवर तुटून पडतात. पेशी-पेशींमधले टाके उसवले तर तो पेम्फिगस. यातले फोड पातळ आणि लिबलिबीत असतात, लगेच फुटतात, म्हणून कित्येकदा फोड दिसतच नाहीत, नुसत्या ओल्या जखमा दिसतात. वरचा थर आणि खालचा थर यांमधले टाके उसवले तर तो पेम्फिगॉइड. यातले फोड टणक असतात, लवकर फुटत नाहीत आणि खाज फार असते. १९५३ सालापर्यंत हे दोन्ही एकच समजले जात. त्या वर्षी अमेरिकेतले डॉ. वॉल्टर लेव्हर यांनी ते वेगळे करून दाखवले. रक्तातली ही द्रव्यं १९६४ साली बॉइटनर आणि जॉर्डन या दोघांनी शोधली.

यातून तुम्ही गावात जाऊन सांगायची गोष्ट एकच: यात जंतू नाही. त्यामुळं हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं, नवरा-बायकोच्या संबंधानं दुसऱ्याला होत नाही. तो पापानं होत नाही, कुणाच्या करणीनं होत नाही, पाळीत देवाला शिवल्यानं होत नाही.

मात्र तो साधाही नाही. कातडी हे शरीराचं कुंपण आहे. ते जागोजागी तुटलं की अंगातलं पाणी आणि प्रथिनं झिरपून जातात, आणि उघड्या जागेतून जंतू आत शिरून रक्तात पसरतात. या आजारात मरण येतं ते बहुधा या जंतुसंसर्गानं. १९५० च्या आधी, म्हणजे स्टेरॉइडची औषधं यायच्या आधी, पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत असत.

सुरुवात तोंडातून

पेम्फिगसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिल्या जखमा तोंडात होतात. गालाच्या आतून, हिरड्यांवर, टाळूवर, घशाकडं. अंगावर फोड यायला पुढं कित्येक महिने लागू शकतात. हे महिने फार मोलाचे असतात, आणि बाईचे नेमके तेच वाया जातात.

डोंगराकडच्या एका तालुक्यातली तिशीतली सून माझ्याकडं आली होती. तोंड येऊन नऊ महिने झाले होते. आधी घरात म्हणाले उष्णता झाली, सब्जा घे. मग म्हणाले पोट साफ नाही. मग मिश्रीवर खापर फोडलं. औषधाच्या दुकानातून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या. घरात रोज तांबडं कालवण व्हायचं, कांदालसणाची चटणी असायची. तिच्यासाठी वेगळं मऊ कोण करणार? तीच तर सगळ्यांचं करत होती. ती पाण्यात भाकरी बुडवून गिळायची. वजन उतरलं तेव्हा सासू म्हणाली, "हिला आमच्या घरचं अन्न गोड लागंना." अंगावर फोड उठल्यावर तिला गाडीत घालून आणलं. नऊ महिन्यांत तिच्या तोंडात बॅटरी लावून एकदाही कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवा. नेहमीचं तोंड येणं दहा-बारा दिवसांत बरं होतं. दोन आठवड्यांनंतरही तोंडातली जखम भरली नाही, तर ती मोठ्या दवाखान्यात दाखवायचीच. मिश्री, तंबाखू लावणाऱ्या बाईची तर नक्कीच, कारण ती जखम कॅन्सरचीही असू शकते. कशाची आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हीकडं उशीर महागात पडतो.

अशाच जखमा योनिमार्गातही होतात. त्याबद्दल तर बाई बोलतच नाही. लघवीला आग, संबंधाच्या वेळी असह्य दुखणं, रक्ताचा डाग. नवऱ्याला नकार दिला तर मार, आणि सांगितलं तर "गरमी कुठून आणलीस?" हा प्रश्न. तुमच्यापैकी ज्या आरोग्याचं काम करतात त्यांनी तोंडाच्या जखमेबरोबर हाही प्रश्न हळूच, एकटीला गाठून विचारावा. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी असेल तर पेम्फिगस असल्याचं आधी सांगावं. यातल्या सुट्या झालेल्या पेशी पाहून कॅन्सरचा संशय येऊ शकतो.

तपासणीला घाबरायचं का

आपल्याकडं त्वचेच्या विभागाच्या दारावर बहुतेक ठिकाणी 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग' अशी पाटी असते. त्या पाटीखाली बाकावर बसलेली बाई गावातल्या कुणी पाहिली की झालं. शेंडा पार्कचं कुष्ठधाम कोल्हापूरकरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, त्यामुळं कातडीचा आजार म्हटलं की डोळ्यांपुढं तेच येतं. म्हणून तिला एकटीला पाठवू नका. कार्यकर्ती सोबत असली की निम्मी भीती तिथंच उतरते.

डॉक्टर काय करतात? आधी फोड कसे आहेत, तोंडात आहेत का, केव्हा सुरू झाले हे पाहतात. ओल्या जखमेच्या तळाशी खरवडून काचेवर पसरतात आणि रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही झटपट होणारी, स्वस्त तपासणी आहे. एकमेकींपासून सुटून गोल झालेल्या पेशी दिसल्या की पेम्फिगसचा संशय बळावतो.

पक्क्या निदानासाठी कातडीचा तुकडा काढतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती खोटी आहे. तुकडा मसुराच्या दाण्याएवढा असतो. जागा बधिर करतात, एखाददुसरा टाका घालतात. खरं म्हणजे दोन तुकडे लागतात. एक नव्या, ताज्या फोडाचा. तो फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. तो फॉर्मालिनमध्ये घातला तर वाया जातो. तो वेगळ्या द्रवात, किंवा लगेच पोचणार असेल तर सलाइनमध्ये पाठवतात. या दुसऱ्या तुकड्यावर इम्युनोफ्लुरेसन्स नावाची तपासणी होते. आपल्याच टाक्यांवर चिकटलेली ती द्रव्यं तिच्यात हिरवी चमकतात. पेम्फिगसमध्ये पेशींभोवती मासे धरायच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या मधोमध एक सरळ रेघ दिसते. नमुना कधी पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. अशा वेळी "दुसरा तुकडा वेगळ्या बाटलीत ठेवलाय ना, अहवाल किती दिवसांत, कुणाकडून घ्यायचा" हे विचारायला संकोच करू नका. हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

औषध आहे, पण लांबचा पल्ला आहे

स्टेरॉइडनं या आजारातलं मरण पुष्कळ कमी केलं. पण रोज मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मोतीबिंदू होतो, जुना क्षय डोकं वर काढू शकतो.

इथं आपल्या देशातल्या एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. जे. एस. पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये 'पल्स' उपचार प्रसिद्ध केला. रोजच्या मोठ्या मात्रेऐवजी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन १०० मिलिग्रॅम सलाइनमधून द्यायचं, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम द्यायचं, आणि हे दर २८ दिवसांनी करायचं. मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज. औषधं जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळण्यासारखी. पुढं देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांना हा उपचार मिळाला.

त्याचे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात जखमा पूर्ण भरेपर्यंत पल्स. दुसऱ्यात, जखमा भरलेल्या असतानाही आणखी नऊ पल्स. तिसऱ्यात नऊ महिने फक्त गोळी. चौथ्यात औषध बंद, पण तपासणी चालू. कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या टप्प्यावर. बाई बरी दिसते, कामाला लागते. घरचे म्हणतात, "आता काय झालंय तुला? दर महिन्याला तीन दिवस दवाखान्यात जाऊन बसायला घरात काय नोकर आहेत?" धार कोण काढणार, भाकरी कोण थापणार? आणि ती स्वतःच म्हणते, "बरंच वाटतंय की." रक्तातली द्रव्यं मात्र अजून गेलेली नसतात. काही महिन्यांनी ती पुन्हा येते, आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

ऊसतोडीला बीडकडून आलेल्या एका बाईचा पहिला टप्पा संपत आला होता. पट्टा पडला आणि टोळी गावाकडं परतली. तिच्या हातात कागद नव्हता, पुढच्या दवाखान्याला दाखवायला चिठ्ठी नव्हती. तिचं पुढं काय झालं ते कळलं नाही. त्यानंतर मी आमच्याकडच्या प्रत्येक बाईला एक वही द्यायला लागले. निदान, औषधाचं नाव, मात्रा, कितवी पल्स, पुढची तारीख, सगळं तिच्याजवळ.

अलीकडं रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन वापरलं जातं. द्रव्यं तयार करणाऱ्या पेशींनाच ते कमी करतं. फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. थोडे महिने स्टेरॉइड आणि सोबत रिटुक्सिमॅब मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाशिवाय आजारमुक्त होते. नुसतं स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. अमेरिकेत २०१८ मध्ये पेम्फिगससाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात बनलेलं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळतं, त्यामुळं किंमत उतरली, तरी गरीब घराला ते जडच आहे. देण्याआधी क्षय आणि हेपटायटिस बी यांची तपासणी करावी लागते.

औषध कुठलंही असो, एक गोष्ट पाठ करा: स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकतं. उपवास असो, यात्रा असो, पैसे संपलेले असोत, गोळी तोडण्याआधी दवाखान्यात यायचं.

मूल हवं का, हे कुणाला विचारायचं

सायक्लोफॉस्फामाइडनं बीजकोषांना इजा होते. पाळी अनियमित होते, कधी कायमची थांबते. वय जास्त आणि औषधाची एकूण मात्रा जास्त, तर धोका जास्त. ते चालू असताना गर्भ राहिला तर गर्भालाही धोका असतो. म्हणून ज्यांना पुढं मूल हवंय त्यांना हे औषध टाळून नुसत्या डेक्सामेथासोनच्या पल्स, अझाथायोप्रिन, रिटुक्सिमॅब असे दुसरे मार्ग विचारात घेतात. कागदावर प्रश्न साधा असतो, 'कुटुंब पूर्ण झालं का?' पण उत्तर कोण देतं?

दोन मुली असलेल्या एका चोवीस वर्षांच्या बाईच्या वतीनं सासूनं उत्तर दिलं, "अजून दिवा कुठं लागलाय वंशाला?" सगळ्यांना बाहेर पाठवून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मला आणखी पोर नको बाई. या दोघींना वाढवायला मी जगले पाहिजे." दुसऱ्या एका घरात याच्या उलट. लग्न न झालेल्या मुलीचे वडील म्हणाले, "काय बी द्या, पण फोड घालवा, पोरगी उजवायचीय." त्या पोरीला कुणीच सांगितलं नव्हतं की औषधानं तिची पाळी जाऊ शकते. सांगितल्यावर तिनं दुसरा मार्ग निवडला, वेळ थोडा जास्त लागला.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न बाईला, ती एकटी असताना, तिच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. ते डॉक्टरचं काम आहे. डॉक्टरनं केलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या. शरीर तिचं, धोका तिचा, निवडही तिची.

गरोदरपणातले आणि उतारवयातले फोड

गर्भारपणात होणारं पेम्फिगॉइड क्वचित दिसतं. बहुधा चौथ्या महिन्यानंतर बेंबीभोवती भयंकर खाज, लाल चट्टे आणि मग टणक फोड. याचं जुनं नाव 'हर्पीज जेस्टेशनिस' होतं. हर्पीजच्या विषाणूशी त्याचा काही संबंध नाही, पण जुन्या पद्धतीनं कागदावर तो शब्द लिहिला गेला की घरात संशयाचं वादळ उठतं. यात बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होऊ शकतं. काही बाळांच्या अंगावर थोडे फोड येतात आणि आपोआप जातात. पुढच्या खेपेस आजार परत येऊ शकतो, म्हणून त्याची नोंद बाईजवळ हवी. आणि गर्भारपणी फोड नसताना, विशेषतः तळहात-तळपायांना फार खाज असेल, तर यकृताची तपासणी करून घ्यावी. "गरोदरपणी खाज येतेच" म्हणून सोडून देऊ नये.

साठी ओलांडलेल्या बाईला अंगभर खाज आणि टणक फोड असतील तर पेम्फिगॉइड मनात आणावं. तिला मधुमेह असेल तर गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन, आणि हा आजार यांचा संबंध आढळला आहे. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टर बदलून देतात. पेम्फिगॉइडच्या एका प्रकारात डोळे लाल राहतात, कण गेल्यासारखं खुपतं, पापणी आतून चिकटत जाते. हा प्रकार बायकांत जास्त दिसतो, आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. "चुलीच्या धुरानं होतंय" म्हणून थांबू नका.

संशय, घर आणि कायदा

कातडीच्या आजारात बाईला एकाच वेळी रुग्ण आणि आरोपी व्हावं लागतं. वेगळं ताट, वेगळं अंथरूण, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि शेवटी माहेरी. काही फोडांच्या आजारांत डॅप्सोन नावाची गोळी देतात. तीच कुष्ठरोगातही देतात. घरात कुणी शिकलेल्यानं गोळीचं नाव वाचलं की नवा घोळ.

आपल्याकडं आलेल्या बाईला हे स्पष्ट सांगा. फोडांचा आजार हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. कुष्ठरोग हे एके काळी कारण होतं, तेसुद्धा २०१९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि औषधोपचाराचा खर्च मागता येतो. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम होतं. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम आहे. "कायद्याला हे ठाऊक आहे" एवढं ऐकूनही काही घरं नरमतात.

आपण काय करायचं

बचत गटाच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी विचारा: कुणाच्या तोंडात दोन आठवड्यांहून जास्त जखम आहे का? कुणाच्या अंगावर न भरणारे फोड आहेत का? असतील तर तिला सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, त्वचा विभागात सोबत घेऊन जा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा कितपत खर्च बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पहिल्या दिवशीच न्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, हेही तिला ठाऊक असू द्या. तीन दिवस दवाखान्यात राहायचं असेल तर तिच्या घरची भाकरी आणि पोरं कोण सांभाळणार, हे गटानं आधी ठरवा. औषधाइतकंच हेही उपचारात मोडतं. आणि २८ दिवस मोजायला आपल्याला कुणी शिकवायला नको. पाळीची तारीख लक्षात ठेवतो, तशी पल्सची ठेवा.

चर्चेतले प्रश्न

प्रश्न: फोडांवर हळद, शेंदूर, झाडपाला लावतात. चालतं का?
उत्तर: नाही. उघड्या जखमेत त्यानं जंतू जातात, आणि पुडी चिकटून काढताना कातडी निघते. फोडाचा पापुद्रा ओढू नका. चिकटणार नाही असं मऊ, धुतलेलं सुती कापड वापरा. केळीचं स्वच्छ पान अंथरायला चांगलं. ते जखमेला चिकटत नाही, म्हणून दवाखान्यातही वापरतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून अभ्यास केला होता. ताप, पू, ग्लानी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

प्रश्न: पथ्य काय?
उत्तर: तोंडात जखमा असेपर्यंत तिखट, गरम, कडक नको. आंबील, ताकभात, मुगाची खिचडी, दूध, अंडं चालेल. अंगातून प्रथिनं जात असतात, म्हणून उपाशी ठेवणारं पथ्य नको. स्टेरॉइड चालू असताना मीठ आणि साखर कमी. भाकरी मोडत नसेल तर वेगळं शिजवायला घरातल्या दुसऱ्या कुणी उठलं पाहिजे.

प्रश्न: आजार पूर्ण बरा होतो का?
उत्तर: पुष्कळ जणी औषध सुटून वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. काहींना परत उद्भवतो. परत आला तर लवकर या, तेव्हा तो लवकर आवरतो. "बरा होत नाही" असं सांगून कुणी बाईला माहेरी पाठवत असेल, तर ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे गावात जाऊन सांगणारी तुमच्यापैकी कुणीतरी असायला हवी.